पहिल्या घासणीला जाणारी सही

कल्हईवाले सर पाव किलो शेंगदाणे घ्यायचे तरी दुकानदाराला दोनदा तोलायला लावायचे. एकदा दाणे उजव्या पारड्यात आणि वजन डाव्यात, मग दाणे डाव्या पारड्यात आणि वजन उजव्यात. उस्मानाबादच्या बाजारातल्या एका किराणा दुकानदाराला सुरुवातीला याचा चांगलाच राग आला होता. "सर, आमचा काटा खोटा वाटतो का तुम्हाला?" त्याने विचारलं. सर म्हणाले, "तसं न्हाय शेठ. काटा खरा हाय का खोटा, हे खुद्द काट्यालाबी ठाऊक नसतं. पारडी बदलल्याबिगर कळायचं कसं?" पारडी बदलली, वजन तेवढंच भरलं, आणि सरांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की दुकानदारच ओशाळला. पुढे पुढे सर दिसले की तो न सांगता दोनदा तोलू लागला.

त्यांच्या पाठीमागे बाजार हसायचा. इतकी वर्षं परदेशात काढून माणूस शिकून काय आला, तर पारडी बदलायला. मीही त्या हसण्यात सामील होते. त्याची लाज वाटायला मला दोन वर्षं लागली.

मी त्यांच्या हाताखाली कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होते. बहात्तरच्या दुष्काळात मॅट्रिकचं सर्टिफिकेट ट्रंकेत ठेवून मी येडशीच्या रस्त्यावर खडी फोडली होती, त्यामुळे या नोकरीचं मोल मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माठ भरायचं कामही माझ्याकडे होतं, आणि काही प्राध्यापक मंडळी आपापला फिरकीचा तांब्या घरून आणत. का, ते कुणी बोलत नसे आणि कुणाला विचारावंही लागत नसे. सर रुजू झाले त्या दिवशी त्यांनी टेबलावरून मान वर न करता म्हटलं, "बाई, घोटभर पाणी द्या." पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी रिकामा पेला उजेडात धरून न्याहाळला. मला वाटलं, झालं, हेही त्यातलेच. तर ते म्हणाले, "लई निर्मळ घासलाय पेला तुम्ही. पाणी कुठंच फुटलं न्हाय." असलं कौतुक मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि त्याचा अर्थही मला कळला नव्हता.

त्यांचे वडील कल्हईवाले होते. भाता, कोळसा आणि कथलाच्या कांड्या सायकलला बांधून ते अणदूरपासून येडशीपर्यंत गावोगाव फिरायचे. सर लहानपणी त्यांच्यासोबत भाता मारायचे. पुढे शिष्यवृत्त्या मिळवत हा मुलगा मुंबईला गेला, तिथून परदेशातल्या एका अणुभट्टीवर गेला, आणि परत आला तेव्हा गल्लीने त्याला जुन्याच नावाने ओळखलं. प्राचार्यांना ते नाव कमीपणाचं वाटे. सरांना वाटत नसे. "खोटं काय हाय त्यात? अब्बा चुलीवरच्या भांड्याला कल्हई करायचे. म्या न्यूट्रॉनच्या भांड्याला केली," ते म्हणायचे.

हे न्यूट्रॉनचं भांडं काय असतं, ते मी त्यांच्याकडून तुकड्यातुकड्याने ऐकलं. वर्गात तेरखेड्याची तीन मुलं होती. घरात फटाक्यांची दारू, त्यामुळे अणू म्हटलं की त्यांचे डोळे लकाकायचे. "सर, स्फोट कधी शिकवणार?" असं त्यांनी एकदा विचारलं. सर म्हणाले, "बाबांनो, स्फोट करणं सोपं हाय. भट्टीतून न्यूट्रॉन निघतो तो तुमच्या बाणापेक्षा लई पटीनं जोरात. आमचं काम उलटं होतं. आमी त्याला हळू करायचो. इतकं हळू, की तुमच्यातला कुणीबी सायकलवर त्याला मागं टाकंल." इतका मंद झाला की न्यूट्रॉन भिंतीतून आरपार जात नाही, भिंतीला लागून परत फिरतो, वर उडाला तर फेकलेल्या चेंडूसारखा खाली येतो. मग तो भांड्यात भरून ठेवता येतो. मुलांना काय कळलं कोण जाणे. मी मागच्या बाजूला काचेच्या नळ्या पुसत होते, तो हात थांबला. धुळीच्या कणाहूनही कितीतरी लहान असं काहीतरी, आणि ते माणसाने पातेल्यात दूध ठेवावं तसं ठेवलं होतं.

पण हे दूध नासायचं फार लवकर. भांड्याच्या आतल्या बाजूला पाण्याचा डोळ्याला न दिसणारा पापुद्रा राहिला, तरी त्यातला हायड्रोजन न्यूट्रॉनला धक्के देऊन ऊब देतो आणि तो पळून जातो. म्हणून भांडं तापवायचं, हवा उपसायची, पुन्हा तापवायचं. आठवडे जायचे. सर हे सांगत होते त्या उन्हाळ्यात आमच्याकडे टँकरची वाट बघत बायका कळश्यांची रांग लावून उन्हात बसत होत्या. खिडकीतून ती रांग बघत सर एकदा म्हणाले, "सारा जिल्हा पाणी हुडकतोय बाई, आन् म्या उमेदीची सारी वर्षं पाणी हाकलण्यात घातली." ते हसत होते, पण खिडकीपासून बराच वेळ हलले नाहीत.

भांडं स्वच्छ झालं की नाही, हे ओळखायची त्यांची एक रीत होती आणि ती विलायती नव्हती, अब्बांची होती. कल्हईआधी घासलेल्या भांड्यात अब्बा ओंजळभर पाणी फिरवायचे. पाणी काचेसारखं सलग पसरलं तर भांडं निर्मळ. मधेच फाटून थेंब थेंब झालं, म्हणजे पाणी फुटलं, तर तिथे तेलाचा हात राहिलेला आहे. "भांडं खोटं बोलंल, गिऱ्हाईक खोटं बोलंल, पाणी न्हाय बोलणार," असं अब्बा म्हणत. परदेशात न्यूट्रॉनच्या भांड्याच्या, झाकणाच्या आणि बुडाच्या, तबकड्या तयार होत तेव्हा सर पहिल्या धुण्याला हेच करायचे. तिथले लोक आधी बघत राहिले आणि मग तेही करू लागले. सर हे आमच्या मुलांना शिकवायचे ते एकाच पेलाभर पाण्यात, आणि धडा संपला की ते पाणी अंगणातल्या लिंबाला घालायचे.

पारडी बदलण्याचा खरा उपयोग मला समजला तो माझ्या सासूबाईंमुळे. त्यांच्या दोन म्हशी होत्या. येडशीजवळच्या आमच्या वस्तीवरून दूध सहकारी डेअरीच्या केंद्रावर जायचं. उन्हाळा तापला आणि केंद्राच्या सचिवाने सांगितलं, तुमच्या दुधात पाणी आहे, काटा खाली जातो. काटा म्हणजे दुधात तरंगत ठेवायची काचेची नळी. सासूबाई त्याला म्हणाल्या, "आमाला प्यायला पाणी न्हाय रं बाबा, दुधात कुठनं घालू?" तीन दिवस दूध परत आलं. वस्तीचं नाव खराब झालं ते वेगळंच. मी सरांना सहज सांगितलं आणि ते रविवारी माझ्याबरोबर केंद्रावर आले.

सचिवाला वाटलं, साहेब भांडायला आलेत. सर म्हणाले, "तुमी खोटं बोलता असं माझं म्हणणं न्हाय आन् आजीबी बोलत न्हायत. फकस्त पारडी बदलू." केंद्राच्या शेजारच्या घरांचं दूध पहाटे सावलीतून यायचं, आमचं दूध चार मैल उन्हातून. सरांनी आमची कासंडी ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवली आणि शेजारच्या, सचिवाच्याच काकूचं चांगलं ठरलेलं दूध उन्हात. तासाभराने दोन्हीत नळी सोडली. आता आमचं दूध चोख निघालं आणि केंद्राशेजारच्या दुधात पाणी निघालं. सचिव नळीकडे बघत म्हणाला, "म्हंजी आता आमच्या काकूनं पाणी घातलं म्हणायचं व्हय?" सर म्हणाले, "कुणीच न्हाय घातलं. दूध तापलं की पातळ होतं, नळी बुडती. दोघांनाबी सारखी सावली द्या." त्या दिवसापासून सगळी दुधं आधी सावलीत थांबू लागली. सासूबाईंनी सरांना विचारलं, "मास्तर, हे कुठल्या शाळेत शिकवत्यात?" सर म्हणाले, "आजी, लई लांबच्या. पण शिकवत्यात हेच."

परतीच्या एसटीत मी त्यांना विचारलं, तिथे तुम्ही नेमकं काय तोलत होता? तेव्हा त्यांनी सांगितलं. न्यूट्रॉन म्हणजे एक भोवरा समजायचा. भांड्यात तो डुलत फिरत असतो. भांड्याच्या वरच्या तबकडीपासून खालच्या तबकडीकडे विजेचा जोर लावायचा आणि डुलणं मोजायचं. मग वीज उलटी करायची, खालून वर, आणि पुन्हा मोजायचं. दोन्ही वेळा सारखंच डुलला, तर पारडी सरळ.

"आणि सारखं नाही निघालं तर?"

"तर बाई, काळाला पुढं आन् मागं यातला फरक कळतो असं ठरंल. जग आन् त्याचं उलटं जग जन्मताना सारखंच आलं असतं तर एकमेकाला खाऊन संपलं असतं. आपण उरलो. कशापायी उरलो, ते त्या फरकात असंल."

फरक केवढा असेल, असं मी विचारलं. ते म्हणाले, न्यूट्रॉन पृथ्वीएवढा मोठा केला, तर त्यात केसाच्या जाडीपेक्षाही कमी. एसटी खड्ड्यातून चालली होती, शेजारच्या बाईच्या मांडीवर कोंबडी होती, आणि माझ्या अंगावर काटा आला. हा माणूस शेंगदाणे दोनदा का तोलतो यावर मी त्यानंतर कधी हसले नाही.

आता सरांच्या अंगठ्याविषयी सांगायला हवं, कारण ते परत का आले याविषयी स्टाफरूममध्ये जे बोललं जायचं ते अर्धंमुर्धं होतं. "तिकडून काढून टाकलंय त्यांना, काहीतरी बिघडवून ठेवलं होतं," असं लोक म्हणायचे. सरांच्या कानावर ते जायचं. त्यांनी कधी खुलासा केला नाही. मला मात्र त्यांनी सगळं सांगितलं.

अब्बांना लिहिता येत नव्हतं. कल्हई झालेलं भांडं निवलं की ते उजवा अंगठा सदऱ्याला पुसून भांड्याच्या बुडाशी आतून एकदा दाबायचे. नव्या कल्हईवर तो ठसा आरशावर श्वास सोडल्यासारखा उमटायचा. "ही माझी सही," म्हणायचे. घरी नेऊन बाईने पहिल्यांदा भांडं घासलं की ती जायची. जाण्यासाठीच असायची. पोराने हे हजार वेळा पाहिलं होतं, आणि त्याच्याही हाताला ते लागलं होतं.

एका वर्षी सरांच्या मंडळींना फरक दिसला. वीज उलटी केली की भोवरा किंचित वेगळा डुलत होता. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. त्यांचे मुख्य साहेब वयस्क होते, आयुष्यभर हा फरक शोधून शून्यच मोजत आलेले. त्यांनी सगळ्यांना मिठ्या मारल्या. जगात कुणाला न सापडलेली गोष्ट त्यांच्या भांड्यात सापडली होती. सर एकटेच म्हणाले, अजून एक पारडं बदलायचं राहिलंय. दोन तबकड्यांच्या मधे काचेचं एक कडं होतं. ते उलटं बसवून मोजायला हवं. लोक वैतागले. भांडं उघडलं की हवा आत जाणार, महिन्यांची मेहनत जाणार, अणुभट्टीवर मिळालेला वेळही संपत आलेला. सर हटून बसले. शेवटी साहेबांनी भांडं उघडायला लावलं.

सरांनी कडं हातात घेतलं आणि आतल्या बाजूवर हलकेच फुंकर घातली. वाफेत अंगठ्याचा ठसा उमटला. ठशावर मधोमध एक आडवी रेघ होती.

हे सांगताना त्यांनी मला स्वतःचा उजवा अंगठा दाखवला. लहानपणी कल्हईच्या भट्टीवर भाजल्याची आडवी रेघ होती त्याच्यावर. कडं बसवताना हातमोजा कधी काढला, अंगठा कधी दाबला, त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. काम मनासारखं झालं होतं आणि हाताने सही केली होती. त्या ठशावरून वीज अगदी नखभर झिरपत होती, आणि वीज उलटी केली की तीही उलटी झिरपत होती. झिरपणारी वीज भोवऱ्याला ढकलते.

"पुसून टाकलं असतं सर, तर कुणाला कळलं असतं?" मी विचारलं.

"कुणालाच न्हाय. पर कड्याला कळलं असतं की." मग म्हणाले, "साहेबांना तिथंच बोलावलं म्या. अंगठा त्यांच्या डोळ्यापुढं धरला."

साहेब आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस येऊन त्यांनी नेमकं तेच विचारलं: तुझा अंगठा तिथे होता, कबूल. पण सगळा फरक त्या अंगठ्यामुळेच होता, हे कशावरून? नवं भांडं करून, पुन्हा सगळं मोजून पाहिल्याशिवाय ते कुणालाच सांगता आलं नसतं, आणि त्याला काही वर्षं लागणार होती. सरांची तिथली मुदत संपली होती, इकडे अब्बा अंथरुणाला खिळले होते. सर परत आले. पण तो प्रश्न त्यांच्याबरोबर उस्मानाबादला आला. नव्या भांड्यात शून्य निघालं, तर सरांनी एक मोठं असत्य जगाच्या गळ्यात पडण्यापासून वाचवलं. आणि तोच फरक पुन्हा निघाला, तर एका अंगठ्याच्या संशयापायी त्यांनी साहेबांच्या हातातून त्यांच्या आयुष्याचं फळ काढून घेतलं होतं, तेही खरं असताना.

अब्बांना त्यांनी हे सारं सांगितलं होतं. घरात ते दखनीत बोलायचे. अब्बांनी खाटेवर पडल्या पडल्या ऐकून घेतलं आणि विचारलं, एका अंगठ्यानं तुमची दुनिया उलटी दिसली? सर म्हणाले, हो. मला वाटतं सरांना बोलणी खायची होती. अब्बा म्हणाले, "कित्ता नाजूक बर्तन बनाया होता रे तू." एवढंच. सर मला म्हणाले, "बाई, तिकडं लई मोठ्या लोकांनी पाठ थोपटली माझी. पर भांड्याची खरी पारख एकट्या अब्बांनी केली."

त्याच वर्षी अब्बा गेले. जाण्याआधी उठून बसवत होतं तेव्हा त्यांनी घरातल्या एका पितळी पातेल्याला स्वतःच्या हाताने कल्हई केली, आणि बुडाशी अंगठा दाबला. मुलाला म्हणाले, तुझा निकाल लागला की यात काहीतरी गोड करा. ते पातेलं सरांच्या घरी फळीवर पालथं ठेवलेलं असे. मी एकदा त्यांच्या बायकोला मदत करताना ते उचलायला गेले, तर सर घाईने उठून आले. त्यांनी ते हळूच उलटं करून मला आतून दाखवलं. बुडाशी अंगठा होता. रेघारेघा मोजता येतील असा.

तिकडे साहेबांनी नवं भांडं करायला घेतलं होतं, आणि सर चार-पाच वर्षं त्यांच्या पत्राची वाट बघत होते. पोस्टमन दुपारी यायचा. त्या वेळी सर वर्गात असले तर खडू हातात घेऊन दारापर्यंत यायचे आणि परत जायचे. माझ्या मनात असायचं की यांचं खरं निघावं, म्हणजे शून्य निघावं. मग वाटायचं, पण शून्य म्हणजे काहीच न सापडणं, आणि फरक सापडला तर जगाचं केवढं कोडं सुटेल. मलाच कळेना काय मागावं. एकदा मी विचारलं, "सर, तुमच्या मनात काय यावं असं आहे?" ते म्हणाले, "माझा अंगठा एकदा लागलाय बाई. आता मनाचाबी लावत न्हाय."

इतकी मोठी गोष्ट इतक्या साधेपणाने बोलणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. मीही निवृत्त झाले. भाजी घेताना माझ्या तोंडून "पारडी बदला" निघून जातं आणि इलेक्ट्रॉनिक काट्यासमोर बसलेली पोरगी माझ्याकडे बघत राहते. त्यांच्या मयतीला तेरखेड्याची ती तिन्ही मुलं आली होती. एक जण आता स्वतः कॉलेजात शिकवतो, आणि प्रयोगशाळेत काच दिली की मुलांना आधी अंगठे दाखवायला लावतो. पण सर म्हटलं की मला ती मयत आठवत नाही. पत्र आलं तो दिवस आठवतो.

उन्हाळ्याची सुट्टी लागायला आली होती आणि आमची बुद्ध पौर्णिमा दोन दिवसांवर होती. सरांनी पत्र उभ्यानेच वाचलं. मग स्टुलावर बसले आणि पुन्हा वाचलं. माझ्या हातात नळ्यांचा ट्रे होता, तो मी खाली ठेवला.

"शून्य," सर म्हणाले.

"म्हणजे सर..."

"पारडी सरळ हाईत बाई. तो फरक माझ्या अंगठ्याचाच होता."

आणि ते रडले. आवाज न करता, चष्मा हातात घेऊन. जगात एका माणसाला आपली चूक शंभर टक्के आपलीच होती असं कळलं, आणि तो सुखाने रडत होता. मी तिथे उभी राहून रडले. साहेबांनी पत्रात आणखी एक ओळ लिहिली होती, ती सरांनी मला मराठीत सांगितली. आता तिथे भांडं बंद करण्याआधी सगळे जण हातमोजे घातलेले अंगठे वर करून एकमेकांना दाखवतात. साहेब स्वतःसुद्धा. नव्या मुलांना त्याचं कारण सांगताना ते सरांचं नाव घेतात.

पौर्णिमेच्या सकाळी सर आणि त्यांची बायको आमच्या वस्तीवर आले. सरांच्या हातात फडक्यात बांधलेलं पातेलं होतं. "खीर ह्यात करा," ते म्हणाले. मी पातेलं घेतलं आणि आत बघितलं. अंगठा तसाच होता.

"सर, हे घासावं लागेल," मी म्हटलं.

"व्हय."

"मग अब्बांचा अंगठा जाईल."

"सही जाण्यासाठीच असती, बाई. भांडं राहण्यासाठी असतं."

मी ओट्यावर बसले. माझ्याच्याने हात लाववेना. सासूबाई शेजारी येऊन बसल्या, त्यांनी चिमूटभर राख माझ्या तळहातावर ठेवली. सर लिंबाखाली पाठमोरे उभे होते. मी राख घेऊन बुडाशी बोटं फिरवली. एकदा, दोनदा, तीनदा. तांब्याभर पाणी घेतलं, पातेलं विसळलं. त्या साली तांब्याभर पाणी म्हणजे काही थोडं नव्हतं. तरी मी आणखी ओंजळभर घेतलं आणि पातेलं तिरपं करून आतून फिरवलं. पाणी बुडावरून काठापर्यंत गेलं, परत आलं, काचेसारखं सलग.

"सर," मी म्हटलं, "पाणी फुटलं नाही."

ते वळले नाहीत. उजवा अंगठा त्यांनी सदऱ्याला पुसल्यासारखा केला आणि म्हणाले, "मग दूध घाला, बाई."